अष्टविनायकाच्या बसमधली शिदोरी

पुणे, रायगड आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत विखुरलेले आठ गणपती बसने करायला साधारण २ दिवस लागतात. म्हणून दुसऱ्या दिवशीही चांगलं राहील तेच बांधून घ्यावं. यात दशमीला तोड नाही. दुधात कणीक मळून तव्यावर खरपूस भाजलेली दशमी गार झाल्यावरही मऊ राहते. सोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी. डबा भरण्याआधी दशम्या पूर्ण निवू द्याव्यात. गरम भरल्या तर वाफेचं पाणी सुटतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, रसभाजी उन्हाळ्यात काही तासांतच आंबतात. ते घरीच बरे.

भडंग किंवा चिवडा मोठ्या डब्यात न नेता माणशी पुड्या बांधाव्यात. चालत्या बसमध्ये डबा हातोहात फिरला की निम्मा खाली सांडतो. बोरघाटाच्या वळणांआधी तळलेलं नकोच. ज्यांना बस लागते त्यांच्या हाती आलेपाकाची वडी द्यावी.

चतुर्थीला निघालात तर बरेच जण उपवासाचे असतात. तेव्हा राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की हात सैल सोडून घ्या. साबुदाण्याची खिचडी मात्र गार झाली की चिवट होते. लेण्याद्रीच्या सुमारे ३०० पायऱ्या चढताना खाऊची पिशवी बसमध्येच ठेवा, तिथली माकडं ती हातातून ओढून नेतात.