केकवरील लेप गुळगुळीत कसा करावा

केक चवीस उत्तम असूनही वरचा लेप खडबडीत व कडा ओबडधोबड राहिल्यास गिऱ्हाईक पुरती किंमत देत नाही. बचत गटाच्या भगिनींनी म्हणून या कामी विशेष लक्ष पुरवावे.

लेपासाठी १०० ग्रॅम बिनमिठाच्या लोण्यास २०० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर घ्यावी. घरचे लोणी थंड पाण्याने धुऊन त्यातील ताक व पाणी निपटून काढावे. पाणी राहिल्यास लेप फाटतो. म्हशीचे लोणी पांढरे असल्यामुळे रंगास अधिक बरे. केक मात्र पूर्णपणे निवलेला असावा, कारण कोमट केकवर लोणी वितळून लेप घसरतो. उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकावे.

प्रथम अगदी पातळ थर देऊन केक अर्धा तास शीतकपाटात ठेवावा. सुटा चुरा या थरात अडकून बसतो व वर येत नाही. नंतर जाड थर द्यावा. केकचे ताट उपड्या वाडग्यावर ठेवून सावकाश फिरवावे व सरळ पट्टी केकच्या बाजूस उभी धरावी. वर आलेली कड बाहेरून मध्याकडे ओढून घ्यावी. शेवटी पट्टी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून एकदाच फिरवावी. पुन्हा पुन्हा फिरविण्याचा मोह आवरावा.