सुरतेत भेटलेली गौरीची फुलं

माहेर मराठी, सासर कानडी आणि संसार सुरतेत, असं माझं त्रांगडं आहे. सासरे गेल्यावर सासूबाई बेळगावचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. जून महिना होता. सातव्या मजल्यावरचं घर, शेजारी गुजराती, खाली कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो. त्या दिवसभर बाल्कनीत बसून असायच्या. "इथं बघायला काय आहे? मला आपलं परत पाठवा," एवढंच म्हणायच्या. एकट्या राहायचं वय नव्हतं, गुडघेही साथ देत नव्हते. शेवटी मी म्हटलं, एक वर्ष बघा, मग तुम्ही म्हणाल तसं.

श्रावणातल्या एका रविवारी त्यांना डांग जिल्ह्यात वघईला नेलं. सुरतेहून हे अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. वाटेत सागाची जंगलं लागतात. आपल्या खानापूर-दांडेलीकडच्यासारखाच सागाला पावसाळ्यात पांढरा मोहर आलेला. वघईजवळ अंबापाड्याला अंबिकेच्या खोऱ्यात गिरा धबधबा आहे. गुजरातीत धबधब्याला 'धोध' म्हणतात. गोकाकची उंची त्याला नाही. पण भर पावसात तांबूस पाण्याचा रुंद पडदा कोसळताना बघून सासूबाई गप्पच झाल्या. पाण्यात मात्र उतरू नये. वर डोंगरात पाऊस झाला की इथं पाणी एकदम चढतं. दिवाळीनंतर धार बारीक होत जाते, तेव्हा जायचं ते पावसाळ्यातच.

परतताना रस्त्याकडेला तेरडा फुललेला दिसला. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. "इदु नम्म गौरी हूव अल्लेनु?" त्यांच्या तोंडून इतक्या आनंदाचं कानडी मी त्या महिन्यात पहिल्यांदाच ऐकलं. तेवढ्यात तिथं बांबूच्या टोपल्या विकणाऱ्या बाई बोलल्या, ती मराठीच्या वळणाची डांगी बोली. 1960 साली मुंबई राज्याची वाटणी झाली आणि डांग गुजरातेत गेला; बोली मात्र मधल्यामध्ये राहिली. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे काही वेगळं सांगायला नको!

पुढे हिवाळा आला. सुरतेत तापीवर रांदेर आणि सिंगणपोरच्या मध्ये कॉजवे आहे. पावसाळ्यात पाणी 6 मीटरवर गेलं की तो बंद होतो. थंडीत तिथं परदेशातून कुरव पक्षी येतात. लोक त्यांना गाठ्या टाकतात. हे तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांना बाधतं. नुसतं बघावं, हेच बरं. डुमस रस्त्याकडच्या गवियर तळ्यावर बदकं बघितली. एकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके. याला मराठीत हळदी-कुंकू म्हणतात, हे सांगितल्यावर सासूबाई कितीतरी वेळ हसल्या. येताना पोंक घेतला. पोंक म्हणजे आपला हुरडा, कानडीत सीतनी. लिंबू-मिऱ्याची शेव घालून खातात. "सीतनी इथंही मिळते होय," एवढंच त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायला सांगितला.

शिमग्याच्या सुमाराला सोनगडच्या बाजूला पळस पेटला. त्यावर भोरड्यांचे थवे उतरतात. गुलाबी अंग, काळं डोकं. मग चैत्र-वैशाखात आमच्या सोसायटीबाहेरचा बहावा फुलला. सासूबाई म्हणाल्या, कक्के. वॉचमन म्हणाला, गरमाळो. माझ्या मुलीनं वहीत तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली. तेव्हापासून तो तिचा आणि अज्जीचा छंदच झालाय: पळस, मुत्तुग, खाखरो, सावर, बूरुग, शीमळो. मुलीला कानडी येत नाही, ही माझी जुनी खंत होती. आता निदान झाडांपुरतं तरी ती अज्जीशी कानडीत बोलते.

वर्ष भरलं. दिलेला शब्द पाळायचा म्हणून मी विचारलं, "बेळगावचं तिकीट काढू?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "आता पाऊस येईल. गौरीची फुलं बघून मग ठरवू."