धरमपेठेतली पत अमेरिकेत का चालत नाही

धरमपेठेतल्या बँकेचे हप्ते वर्षानुवर्षे वेळेवर फेडून सिबिल स्कोअर 900 पैकी 800 वर गेला, तरी नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या तरुणाला तिथली बँक बहुधा नवखाच समजते. सिबिलकडे भारतातल्या कर्जांची नोंद असते. तिथला फिको स्कोअर, 300 ते 850, तिथल्याच नोंदींवर निघतो. मग इथलेच कार्ड वापरावे, असे कुणी म्हणेल. पण त्यावर बहुधा परकीय चलनाचे शुल्क लागते आणि तिथली पत काही तयार होत नाही. म्हणून तिथल्याच बँकेचे अनामत रकमेवर मिळणारे कार्डच मला शहाणपणाचे वाटते. पैसे अडकतात, हे खरे. पण थोडाच खर्च करून दरमहा पूर्ण बिल भरले, तर साधारण सहा महिन्यांत स्कोअर निघू शकतो. मात्र बँक बिल भरल्याची नोंद क्रेडिट ब्युरोला कळवते का, हे आधीच विचारून घ्यावे.