कुत्र्यांचे गवत खाणे

कुत्र्यांचे गवत खाणे हे पाळीव व भटक्या अशा दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांमध्ये आढळणारे नैसर्गिक वर्तन आहे. कुत्रा आजारी पडला की गवत खाऊन उलटी करतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्ष निरीक्षणे मात्र या समजाला फारसा आधार देत नाहीत.

कारणे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००८ साली एक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. ज्यांची कुत्री झाडपाला खातात अशा १,५७१ श्वानपालकांची उत्तरे त्यात होती. गवत खाण्यापूर्वी कुत्रा वारंवार आजारी दिसतो, असे केवळ ९ टक्के पालकांनी सांगितले, तर खाल्ल्यानंतर वारंवार उलटी होते, असे २२ टक्के पालकांनी नोंदवले. म्हणजे उलटी हा बहुधा गवत खाण्याचा हेतू नसून काही वेळा होणारा परिणाम आहे. आहारात चोथा कमी असल्यामुळे कुत्रे गवत खाते, असाही तर्क केला जातो. परंतु या सर्वेक्षणात आहाराचा तसा संबंध आढळला नाही.

गवतातील सेल्युलोज पचवणारी विकरे कुत्र्याच्या शरीरात नसतात, त्यामुळे गवत बव्हंशी तसेच विष्ठेवाटे बाहेर पडते. लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडते. न पचलेली पाती आतड्यातील जंत बाहेर ढकलत असावीत आणि ही सवय कुत्र्यांना रानटी पूर्वजांकडून लाभली असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे. ते अद्याप सिद्ध झालेले नाही.

हरळीचे शास्त्रीय नाव 'सायनोडॉन' असून त्याचा ग्रीक अर्थ 'कुत्र्याचा दात' असा आहे. या नावाचा कुत्र्यांच्या गवत खाण्याशी मात्र संबंध नाही.

सुरक्षितता

निरोगी कुत्र्याने अधूनमधून थोडे गवत खाणे सामान्यतः निरुपद्रवी असते. खरा धोका गवतापेक्षा त्यावर असलेल्या गोष्टींचा. तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलेले बागेतील, बांधावरील वा रस्त्याकडेचे गवत विषारी ठरू शकते. गोगलगायी मारण्यासाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या तर अत्यंत घातक असतात. इतर कुत्र्यांनी विष्ठा केलेल्या जागी जंतांची अंडी गवताला चिकटलेली असतात. म्हणून वेळोवेळी जंतनाशक औषध देणे इष्ट. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे नाकात, कानात वा घशात रुततात. ती आपोआप निघत नाहीत, उलट आत सरकत जातात. बागेतील कण्हेर व सायकस या वनस्पती स्वतःच विषारी आहेत.

सवय अचानक वाढली, कुत्रा अधाशीपणे गवत ओरबाडू लागला किंवा जोडीला जुलाब, सुस्ती वा रक्ताची उलटी दिसली, तर पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. पोट फुगले असून वारंवार ओकाऱ्या येत असतील आणि बाहेर काहीच पडत नसेल, तर जठराला पीळ पडल्याची शक्यता असते. अशा वेळी काही तासांत प्राण जाऊ शकतात. घरगुती उपायांत वेळ न दवडता कुत्र्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.