अस्तंब्याचा डोंगर आणि गीहोनचा झरा

धनत्रयोदशीला तळोद्याहून पायी जथ्थे निघतात आणि सातपुडा चढत धडगाव तालुक्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर पोहोचतात. शिखर १,३२५ मीटर उंच. महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातले भाविक तिथे ज्याच्या दर्शनाला जातात, तो महाभारतातला हरलेल्या बाजूचा योद्धा आहे. कपाळावरची भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा या रानात फिरतो, भेटेल त्याच्याकडे तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी इथली श्रद्धा.

या जखमेच्या मुळाशी गादीचा वाद आहे. युद्ध संपल्यावर अश्वत्थाम्याने रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाचही मुले मारली आणि मग उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले. म्हणजे पांडवांना वारसच उरू नये, हा बेत. गर्भातला परीक्षित वाचला, पुढे राजा झाला. अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी गेला आणि ३,००० वर्षे भटकण्याचा शाप मिळाला.

हिब्रू बायबलमध्येही म्हाताऱ्या राजाच्या गादीवरून असाच पेच पडतो. दावीद अंथरुणाला खिळलेला, पांघरुणांनीही ऊब येत नाही. थोरला मुलगा अदोनीया सेनापती योआब आणि याजक अब्याथार यांना हाताशी धरून एन-रोगेलच्या झऱ्यापाशी मेजवानी झोडतो आणि राजा झाल्यासारखाच वागू लागतो. इकडे नाथान संदेष्टा आणि राणी बथशेबा दावीदाला गादी शलमोनाला देण्याच्या जुन्या वचनाची आठवण देतात. धाकट्या शलमोनाला राजाच्या खेचरावर बसवून गीहोनच्या झऱ्यावर नेतात, सादोक याजक शिंगातल्या तेलाने त्याला अभिषेक करतो, रणशिंग वाजते. तो गलका मेजवानीच्या पंगतीत ऐकू येतो आणि पाहुणे उठून पळतात. पुढे अदोनीया आणि योआब दोघेही मारले जातात. (एकीकडे तेल राज्य देते, दुसरीकडे जखमेवर लावायलाही मिळत नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाचा जुना धंदाही तेल गाळण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

यातले विज्ञानाला तपासता येते ते काय? अंथरुणाशेजारी झालेले बोलणे नाही. जागा मात्र तपासता येतात. गीहोन आजही जेरुसलेममध्ये वाहतो. चुनखडीच्या खडकातल्या पोकळीत पाणी साठत जाई आणि ठरावीक पातळी गाठली की उसळून बाहेर पडे, म्हणून हा झरा पूर्वी थांबून थांबून वाहत असे. एन-रोगेल म्हणजे किद्रोन आणि हिन्नोम या दोन दऱ्यांच्या संगमावरची विहीर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोन्ही जागांत एक किलोमीटरही अंतर नाही. दरीच्या वळणामुळे एकीकडून दुसरी दिसली नाही, तरी रणशिंगाचा आवाज सहज पोहोचेल. लिहिणाऱ्याला ही जमीन पायाखालची होती, एवढे यावरून म्हणता येते. पण तो घटनेनंतर तीनशे वर्षांनी त्याच शहरात राहणारा असेल, तरी त्याने हेच लिहिले असते.

आता काळ. गीहोनभोवतीचा प्रचंड दगडी बुरूज इसवी सनापूर्वी सुमारे १८०० चा, म्हणजे दावीदाच्याही कितीतरी आधीचा, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत होते. २०१७ मध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी बुरुजाच्या शिळांखालच्या मातीतले सेंद्रिय कण रेडिओकार्बन पद्धतीने मोजले. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यावरून वय कळते. सर्वांत अलीकडचे कण इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या अखेरचे निघाले. म्हणजे निदान तो भाग तेव्हा बांधला किंवा दुरुस्त झाला असणार, शलमोनाच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतर शतकभराने. याउलट, त्याच झऱ्याचे पाणी नेणारा ५३३ मीटरचा बोगदा बायबल हिज्कीया राजाच्या नावावर टाकते. २००३ मध्ये त्याच्या गिलाव्यातले वनस्पतींचे अंश आणि छताला लोंबणारे चुन्याचे थर मोजले, तेव्हा काळ इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपासच निघाला. इथे ग्रंथ आणि दगड जुळले.

माणसांचे पुरावे याहून विरळ. १९९३ मध्ये इस्राएलमधल्या तेल दान इथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या अरामी शिलालेखात ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख आहे. घराण्याला पुरावा मिळाला, पण अदोनीया आणि बथशेबा यांची नावे त्या काळच्या कुठल्याही शिलालेखात नाहीत.

आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी १९५० ते १९५२ मध्ये हस्तिनापूर खणले. चित्रित राखाडी भांड्यांचा थर मिळाला आणि त्यावर गंगेच्या पुराची खूण. परीक्षिताच्या वंशातल्या निचक्षूने पुरामुळे राजधानी कौशांबीला हलवली, असे पुराणे सांगतात. लालांनी दोन्हींचा मेळ घातला. मेळ आकर्षक आहे, वादही तेवढाच मोठा आहे. पूर कुठल्याही नदीला येतो. राजाचे नाव त्या गाळात नव्हते.

अस्तंब्याचे प्रकरण याहून निराळे. कुरुक्षेत्र इथून नऊशेहून अधिक किलोमीटर दूर. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. गीहोनची गोष्ट तिथल्याच जमिनीत रुजली; इथे मात्र गोष्ट चालत डोंगरापर्यंत आली. ती कोणत्या वाटेने आली, हा खरा प्रश्न. दोनशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही अश्वत्थामा रोज पहाटे शंकराला फूल वाहतो म्हणतात. दोन्ही जागा सातपुड्यातल्या, तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या. गोष्टीचा हा पट्टा माणसांच्या येण्याजाण्याशी जुळतो का, हे नकाशावर गावोगाव ठिपके मांडून पाहण्याजोगे काम आहे.

यात्रेचे वयही काढता येईल. खापराच्या पणतीत मुरलेल्या तेलाचे अंश शतकानुशतके टिकतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफीने ओळखता येतात. जुन्या ठाण्याखालच्या मातीत तशा पणत्या थराथराने मिळाल्या, तर सोबतच्या कोळशावरून पहिला दिवा केव्हा लागला ते सांगता येईल. अर्थात तिथली माती उकरायची की नाही, हे आधी डोंगराखालच्या भिल्ल आणि पावरा गावांना विचारावे लागेल.