शिक्का नको, काम द्या

आधी श्रेयांकाचा (क्रेडिटचा) हिशोब. वर्गातल्या पंधरा तासांना एक श्रेयांक मिळतो, कामाच्या जागी मात्र एका श्रेयांकासाठी तीस तास भरावे लागतात. महाराष्ट्र शासनाच्या एप्रिल २०२३ च्या निर्णयानंतर एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्र प्रकल्प आला. मुलं कार्यप्रशिक्षणाला ‘ओजेटी’ म्हणतात. चार त्रिक बारा, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस.

हे वीस दिवस द्यायचे कुणी?

सत्र सुरू झालं की तालुक्याच्या गावातही मुलं कॉलेजचं पत्र घेऊन फिरू लागतात. पतसंस्था, सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, छापखाना. मालक विचारतो, ‘तुला काम काय देऊ?’ प्रश्न रास्त आहे, कारण वीस दिवसांत कुणी तयार होत नाही आणि शिकवायला माणूस मोकळा नसतो. मग काही जण सोपी वाट धरतात: ‘शेवटच्या दिवशी ये, शिक्का मारून देतो.’ देणाऱ्याला हा उपकार वाटतो. प्रत्यक्षात त्या मुलाचे १२० तास हिरावले जातात, आणि गुणपत्रिकेत चार श्रेयांक खोटे चढतात.

अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवला. अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी घेऊन त्यांनी जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर कारखान्यात, तर दुसरा वर्गात; पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहिली नाही, त्यामुळे मालकालाही त्या मुलांवर काम सोपवता आलं. शिक्षणातून मालकाचं काम खरोखर पुढे सरकलं पाहिजे, ही त्यातली मोलाची गोष्ट. छोट्या दुकानदारालाही असं जोडीचं वेळापत्रक कॉलेजकडे मागता येईल.

काम मात्र मुलगा येण्याआधी ठरलेलं हवं. प्रत्येक धंद्यात ‘कधीतरी करू’ म्हणून मागे पडलेलं एखादं काम असतंच. छापखान्यात मराठीच्या विद्यार्थिनीला एका पुस्तकाचं मुद्रितशोधन सुरुवातीपासून शेवटपर्यंत देता येतं. जुन्या वाचनालयात इतिहासाचा विद्यार्थी दुर्मीळ पुस्तकांची यादी करू शकतो. पतसंस्थेत वाणिज्यच्या मुलीला जमाखर्चाचा ताळमेळ घालायला बसवावं, पण खातेदारांची माहिती बाहेर जाणार नाही हे लेखी घेऊन. झेरॉक्स काढणं आणि चहा आणणं यांत वीस दिवस घालवू नयेत.

कागदपत्रं थोडीच लागतात: कॉलेजशी करार किंवा पत्र, हजेरी आणि रोजच्या कामाची नोंदवही, शेवटी मूल्यमापन. कॉलेजचे प्राध्यापक मार्गदर्शक असतातच. जागेवरही एक माणूस नेमावा. त्याने रोज पंधरा मिनिटं दिली तरी फरक पडतो.

एक गोष्ट बरेच मालक विसरतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आलेल्या मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

पैशांबाबत गोंधळ होतो. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली, तेव्हा तिच्यात महिना ५,००० रुपये ठरले होते, पण ती वर्षभराची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हतीच. ओजेटीचा तिच्याशी संबंध नाही. तरीही खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलाला निदान प्रवासखर्च आणि दुपारचं जेवण द्यायलाच हवं. ते परवडत नसेल, तर घराजवळचा विद्यार्थी मागावा.

पदव्युत्तर वर्गांचं दुसरं सत्र साधारण हिवाळ्यात सुरू होतं. ज्यांचं दुकान, दवाखाना किंवा कार्यालय आहे, त्यांनी त्याआधी आपलं एक अडलेलं काम चार ओळींत लिहून जवळच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांना नेऊन द्यावं.