सिरॅमिकची कॅप दाताला धरते कशी?

मागच्या भागानंतर एक प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला: ‘कॅप निघून हातात आलीय, फेव्हिक्विकने चिकटवू का?’ नाही. अजिबात नाही. मी इथे संभाजीनगरातच दाताची डॉक्टर आहे, हा प्रश्न मला रोजचाच. पण ‘नाही’ का, ते कळायला आधी कॅप चिकटते कशी हे बघू.

लोकांना वाटतं, सगळी करामत सिमेंटची. खरं काम त्याआधी होतं. आजीच्या पाट्याला टाकी लावायचे, आठवतंय? पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही. दाताचंही तसंच. 1955 साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल 30 सेकंद लावून बघितलं. डोळ्यांना न दिसणारे खळगे पडले, आणि त्यात रेझिन शिरून घट्ट बसलं. आज आम्ही साधारण 37 टक्क्यांचं जेल वापरतो, पण कल्पना तीच.

आता दुसरी बाजू, कॅपची. लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकमध्ये काच असते. तिला हायड्रोफ्लोरिक आम्लाची टाकी लागते, साधारण 5 टक्के, 20 सेकंद. हे आम्ल फार घातक, म्हणून ते काम तोंडाबाहेरच. मग सिलेन. त्याचा एक हात काचेला धरतो, दुसरा रेझिनला.

झिर्कोनियाची गोष्ट वेगळी. त्यात काचच नाही, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिथे ॲल्युमिनाची बारीक पूड हलक्या दाबाने मारतात आणि एमडीपी असलेला प्रायमर लावतात. गंमत अशी की एमडीपी ज्या जागी धरतो, तिथेच लाळेतलं फॉस्फेट आधी जाऊन बसतं. म्हणजे कॅप तोंडात घालून माप बघितलं आणि नीट साफ न करता तशीच बसवली, तर पकड कच्ची. घाईच्या क्लिनिकमध्ये नेमकी हीच पायरी सुटते, असं माझं मत.

लाळ दातावर आली तरी तेच. म्हणून रबर डॅम, तो रबराचा पडदा. अवघडल्यासारखं होतं, मान्य, पण लावू द्या. पूर्ण कॅप थोडीफार दाताच्या आकारावरही टिकते. पातळ व्हिनिअर मात्र जवळपास पूर्णपणे या पकडीवरच असतं. आणि गावी बोअरचं पाणी पिऊन दातांवर फ्लोराइडचे डाग पडले असतील, तर ते आधीच सांगा. तसं एनॅमल आम्लाला लवकर दाद देत नाही.

आता फेव्हिक्विक. ते खळगे बुजवून टाकतं. कॅप जराशी उंच बसली की चावताना तीच आधी लागते. आत कीड असेल तर ती झाकली जाते, आणि आम्हाला ते खरवडताना कॅपच फुटू शकते.

तेव्हा निघालेली कॅप स्वच्छ डबीत ठेवा, त्या बाजूने खाऊ नका, नान-खलिया तर नाहीच. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: मटेरियल कोणतं आणि रबर डॅम लावणार का? खासगीत परवडत नसेल तर घाटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. जाताना डबी आणि जुना एक्स-रे सोबत न्या.